आधी मोजदाद, मग संशोधन : फिजिशियन असिस्टंट शिक्षण संघटनेची पन्नास वर्षे

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे प्रशिक्षित मदतनीस, घडवणाऱ्या शिक्षणक्रमांची राष्ट्रीय संघटना १९७२ साली उभी राहिली आणि २०२२मध्ये तिने पन्नाशी गाठली. आरंभी तिचे नाव ‘असोसिएशन ऑफ फिजिशियन असिस्टंट प्रोग्रॅम्स’ असे होते. आज ती ‘फिजिशियन असिस्टंट एज्युकेशन असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. प्रवेशाचा सामाईक अर्ज, विद्यार्थ्यांच्या सराव परीक्षा, नव्या शिक्षकांची प्रशिक्षणे, वॉशिंग्टनमधल्या लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा, अशी तिची कामे अनेक आहेत. त्या सगळ्यांचा आढावा एका लेखात मावणार नाही. इथे एकाच कामाचा मागोवा घ्यायचा आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शिक्षणाचा अभ्यास करावा, यासाठी संघटनेने त्यांच्या पाठीशी काय उभे केले, ते कसे उभे राहिले आणि कुठे कमी पडले, हे सांगायचे आहे.

हे काम निवडण्याचे कारण असे, की संघटनेचे सर्वांत टिकाऊ कार्य हेच आहे असे माझे मत आहे. त्याची सुरुवात अनुदानाने झाली नाही, पारितोषिकाने झाली नाही, एका प्रश्नावलीने झाली. त्या प्रश्नावलीकडे येण्याआधी हा व्यवसाय कसा जन्माला आला ते पाहिले पाहिजे, कारण संशोधनाच्या वाटेतल्या बऱ्याचशा अडचणी त्या जन्मकथेतच आहेत.

ड्यूकचे चार विद्यार्थी

१९६०च्या दशकात अमेरिकेच्या ग्रामीण भागात डॉक्टरांची चणचण होती. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतही वॉर्डात कुशल हात कमी पडत होते. डॉक्टरांच्या हाताखाली, पण नर्सपेक्षा वेगळ्या जबाबदारीने काम करणारा मदतनीस तयार करावा, असा विचार डॉ. चार्ल्स हडसन यांनी १९६१ साली जाहीरपणे मांडला होता. तो प्रत्यक्षात आणला नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचे वैद्यकशास्त्र विभागप्रमुख डॉ. युजीन स्टेड यांनी. स्टेड यांच्या डोळ्यांसमोर एक जिवंत उदाहरण होते. त्याच राज्यातल्या गार्लंड या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्याकडे हेन्री ट्रेडवेल नावाचा मदतनीस होता. कोणतीही पदवी नसताना, केवळ डॉक्टरांच्या शिकवणीवर तो दवाखान्याचा मोठा भार पेलत असे. त्यामुळेच डॉक्टरांना निर्धास्तपणे बाहेरगावी जाता येई.

स्टेड यांचा पहिला प्रयत्न नर्सना अधिक शिकवण्याचा होता. थेल्मा इंगल्स या परिचर्या शिक्षिकेच्या सोबतीने त्यांनी तसा वर्ग चालवलाही, पण परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. मग स्टेड नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सैनिकांकडे वळले. जहाजावर आणि युद्धभूमीवर जखमा शिवलेली, सलाइन लावलेली, प्रसंगी डॉक्टरविना रात्र काढलेली ही माणसे नागरी जीवनात आली की त्यांच्या अनुभवाला काही किंमत उरत नसे. १९६५ साली अशा चौघांना घेऊन ड्यूकमध्ये दोन वर्षांचा शिक्षणक्रम सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांपैकी तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. १९७० साली जॉइस निकोल्स ही ड्यूकची आणि देशातली पहिली महिला फिजिशियन असिस्टंट झाली.

पाठोपाठ बाकीचे आले, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. सिअॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ साली ‘मेडेक्स’ सुरू केले. त्यात विद्यापीठात जेमतेम तीन महिने शिकायचे आणि पुढचे वर्षभर खेड्यातल्या डॉक्टरच्या हाताखाली काढायचे. वेस्ट व्हर्जिनियात फिलिपी गावच्या आल्डरसन-ब्रॉडस कॉलेजात डॉ. हू मायर्स यांनी १९६८ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम काढला. कोलोरॅडोत डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी फक्त बालआरोग्यासाठी वेगळी शाखा घडवली. कुठे प्रमाणपत्र मिळे, कुठे पदवी. एकाच व्यवसायात शिरणारी माणसे इतक्या वेगवेगळ्या दारांतून येत होती. विविधतेच्या दृष्टीने ही समृद्धी होती. मात्र ‘आमच्याकडे शिकलेला आणि तुमच्याकडे शिकलेला यांत फरक काय पडतो?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि उत्तर शोधायला सामाईक माहितीही नव्हती.

ड्यूकने १९६८पासून या विषयावर परिषदा भरवल्या. त्यांत ही सगळी मंडळी एकमेकांना भेटू लागली. १९७० साली ड्यूक, बोमन ग्रे वैद्यकीय विद्यालय आणि गॅल्व्हस्टनचे टेक्सास विद्यापीठ यांनी मिळून शिक्षितांची एक नोंदवही सुरू केली. १९७१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने शिक्षणक्रमांच्या मान्यतेचे किमान निकष स्वीकारले. त्याच वर्षीच्या आरोग्य मनुष्यबळ कायद्याने केंद्र सरकारचा पैसा या शिक्षणक्रमांपर्यंत पोहोचू लागला. पुढच्याच वर्षी संघटना स्थापन झाली. येल विद्यापीठातले डॉ. आल्फ्रेड सॅडलर तिचे पहिले अध्यक्ष झाले. फिजिशियन असिस्टंटांची स्वतःची व्यावसायिक संघटना १९६८मध्येच निघाली होती. या दोन्ही संघटनांनी वॉशिंग्टनमध्ये एकच कार्यालय थाटले आणि डोनाल्ड फिशर हे दोन्हींचे मिळून कार्यकारी संचालक झाले. पुढची जवळपास तीन दशके शिक्षण संघटना या मोठ्या बहिणीच्या छत्राखालीच राहिली.

बाहेरच्यांनी केलेले संशोधन

पहिल्या दहा-पंधरा वर्षांत फिजिशियन असिस्टंटांवर संशोधन झाले नाही असे नाही. उलट भरपूर झाले. नवा व्यवसाय रुग्णांच्या जिवाशी खेळतो आहे की काय, ही शंका डॉक्टरांना होती. सरकारला खर्चाची चिंता होती. पोर्टलंडच्या कायझर पर्मनेंटे या आरोग्यसेवेत जेन कॅसेल्स रेकॉर्ड या अर्थशास्त्रज्ञाने या मदतनिसांच्या कामाचा आणि त्यातून होणाऱ्या बचतीचा हिशेब मांडला. हेन्री पेरी यांनी देशभरातल्या फिजिशियन असिस्टंटांची पाहणी केली. हॅरॉल्ड सॉक्स यांनी १९७९ साली दहा वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. १९८६ साली अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाचा अहवाल आला. आपापल्या क्षमतेच्या कक्षेत नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट देतात ती सेवा दर्जाने डॉक्टरांच्या सेवेच्या तोडीची असते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या अहवालाने व्यवसायाला मोठे बळ दिले.

पण हे सगळे अभ्यास कोणी केले होते? डॉक्टरांनी, अर्थतज्ज्ञांनी, सरकारी विश्लेषकांनी. त्यांचे प्रश्न त्यांच्या गरजेतून आले होते : हे सुरक्षित आहे का, हे स्वस्त आहे का. वर्गात काय चालते, कोणता विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडतो आणि का, आधीचा रुग्णसेवेचा अनुभव शिकताना किती उपयोगी पडतो, शिक्षक किती वर्षे टिकतात, हे प्रश्न त्यांच्या टिपणवहीत नव्हते. ते शिक्षकांचे प्रश्न होते, आणि शिक्षकांकडे ते सोडवण्याची साधने नव्हती. दवाखान्यातून थेट वर्गात आलेल्या या शिक्षकांना संशोधनपद्धतीचे शिक्षण फारसे कोणी दिले नव्हते. शिक्षणक्रमांना मिळणारे केंद्राचे पैसे विद्यार्थी तयार करण्यासाठी आणि त्यांना डॉक्टर नसलेल्या भागांत पाठवण्यासाठी होते, अभ्यास करण्यासाठी नव्हते.

आयोवाची प्रश्नावली

इथे डेनिस ऑलिव्हर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. ते आयोवा विद्यापीठातल्या शिक्षणक्रमाचे प्रमुख. १९८४-८५ या शैक्षणिक वर्षापासून त्यांनी देशातल्या सर्व फिजिशियन असिस्टंट शिक्षणक्रमांचा वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. तेव्हा देशात असे पन्नासेक शिक्षणक्रम होते. संख्या आवाक्यातली होती आणि बहुतेक प्रमुख एकमेकांना ओळखत होते, म्हणून हे जमले.

प्रश्नावली वाचताना तिच्यात काही मोठे आहे असे वाटणार नाही. किती अर्ज आले? किती जणांना प्रवेश दिला? पुरुष किती, स्त्रिया किती, अल्पसंख्य समाजांतले किती? शुल्क किती? वर्षभरात किती जणांनी शिक्षण सोडले, नापास किती झाले? उत्तीर्ण झालेले कुठे नोकरीला लागले, कोणत्या विषयात, किती पगारावर? शिक्षक किती, त्यांच्या पदव्या कोणत्या, त्यांचा पगार किती? शिक्षणक्रमाचा खर्च कोण भागवतो? हे कागद टपालाने येत. भरणारा माणूस म्हणजे तोच प्रमुख, जो सकाळी शरीररचनाशास्त्राचे व्याख्यान घेतो, दुपारी प्रवेशाच्या मुलाखती घेतो आणि संध्याकाळी पुढच्या महिन्याच्या पोस्टिंगसाठी डॉक्टरांना फोन करत बसतो. असे आकडे भरणे हे कोणाच्याही कामाच्या यादीत सर्वांत शेवटी असते. तरीही बहुसंख्य शिक्षणक्रमांनी ते दरवर्षी भरले, कारण उलट टपाली त्यांना जो अहवाल मिळे तो त्यांच्या उपयोगाचा असे.

तो उपयोग कसा होई, याचे एक साधे उदाहरण देतो. एखाद्या प्रमुखाला आणखी एक शिक्षक हवा असतो. तो डीनकडे जातो. पूर्वी तो म्हणे, “आमच्यावर फार ताण आहे.” असे प्रत्येक विभागप्रमुख म्हणतो. आता तो अहवाल उघडून दाखवू शके, की देशात इतक्या विद्यार्थ्यांमागे सरासरी इतके शिक्षक आहेत आणि आपल्याकडे इतके कमी आहेत. त्या एका पानाने किती पदे मंजूर झाली असतील याची गणना कोणी केलेली नाही, पण जुन्या शिक्षकांशी बोलताना हा मुद्दा हमखास निघतो.

संशोधनाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट अशी, की दरवर्षी मुख्यतः तेच प्रश्न विचारले गेले. त्यामुळे वर्षांची वर्षांशी तुलना करता आली. नौदलातून आलेल्या पुरुषांनी सुरू झालेला हा व्यवसाय हळूहळू स्त्रियांचा झाला. आज प्रमाणित फिजिशियन असिस्टंटांत सुमारे सत्तर टक्के स्त्रिया आहेत. हा बदल कसा कसा होत गेला ते या अहवालांच्या रांगेत पाहता येते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण मात्र त्या वेगाने वाढले नाही, हेही तीच रांग दाखवते. ही दुसरी गोष्ट अप्रिय होती. ती लपवता आली नाही, याचे श्रेय त्या प्रश्नावलीला आहे.

ऑलिव्हर यांच्यानंतर दुसऱ्या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी हे काम उचलले आणि पुढे ते संघटनेच्या स्वतःच्या संशोधन विभागाकडे आले. आज शिक्षणक्रमांची पाहणी होते, शिक्षकांची होते. विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा त्याला प्रश्न विचारले जातात आणि शिक्षण संपवून बाहेर पडतानाही विचारले जातात. ही माहिती संघटनेच्या कपाटात पडून राहत नाही. ठरलेल्या रीतीने मागणी केली, विषय पटला, व्यक्तींची ओळख उघड होणार नाही याची खात्री झाली, की सदस्य शिक्षकांना ती अभ्यासासाठी मिळते. चाळीस विद्यार्थ्यांच्या एका वर्गावर काढलेला निष्कर्ष किती ताणायचा, हा शिक्षणविषयक संशोधनातला जुना पेच आहे. एका महाविद्यालयातल्या एका शिक्षकाला साऱ्या देशाची आकडेवारी हाताशी मिळाली की तो पेच निम्मा सुटतो.

पदव्युत्तर पदवी आली, प्रोजेक्ट आले

१९८०च्या दशकात बहुतेक शिक्षणक्रम पदवी किंवा प्रमाणपत्र देत होते. कोलोरॅडोने मास्टर्सची वाट आधीच धरली होती, ड्यूकनेही १९८६मध्ये ती धरली. नव्वदच्या दशकात शिक्षणक्रमांची संख्या दुपटीने वाढली. नवे शिक्षणक्रम विद्यापीठांत निघू लागले आणि विद्यापीठांची रीत पदव्युत्तर पदवीची होती. अखेर मान्यता देणाऱ्या आयोगाने ठरवले, की २०२०नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदव्युत्तर पदवीच मिळाली पाहिजे. वैद्यकीय लेखन शोधणे, वाचणे, पारखणे आणि समोरच्या रुग्णाला लागू करणे हे शिकवणे तर सर्वांनाच बंधनकारक झाले.

मास्टर्स म्हटले की प्रोजेक्ट आले. बहुतेक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याने काहीतरी संशोधनपर लिहिलेच पाहिजे असा नियम झाला. या नियमाचे चांगले आणि वाईट, दोन्ही परिणाम जवळून पाहण्यासारखे आहेत.

शिक्षणक्रम साधारण सव्वादोन वर्षांचा. पहिले वर्ष-सव्वा वर्ष वर्गात जाते आणि त्यात शरीररचनेपासून औषधशास्त्रापर्यंत सगळे कोंबलेले असते. दुसऱ्या वर्षी चार ते सहा आठवड्यांची एक, अशा पोस्टिंग लागतात. कधी शस्त्रक्रिया विभागात, कधी बालरुग्णांत, कधी मानसोपचारात, कधी दोनशे मैलांवरच्या गावातल्या एकट्या डॉक्टरकडे. या धावपळीत विद्यार्थ्याने प्रश्न ठरवायचा, गाईड शोधायचा, सिनॉप्सिस लिहायचा, एथिक्स कमिटीची परवानगी काढायची, केसपेपर किंवा प्रश्नावल्या गोळा करायच्या, संख्याशास्त्राच्या जाणकाराकडे जायचे आणि लिहून द्यायचे. एथिक्स कमिटीकडे दुरुस्त्या निघाल्या की दोन महिने जातात आणि दोन महिन्यांत त्याचे गाव बदललेले असते. परिणामी पुष्कळांनी आधीच्या लेखनाचा आढावा घेण्याची वाट धरली. त्यात गैर काही नाही, चांगला आढावा हे अवघड काम आहे. पण हजारो विद्यार्थ्यांचे हजारो आढावे ग्रंथालयाच्या संगणकात जाऊन बसले आणि पुन्हा कोणी उघडले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. विद्यार्थ्याचे श्रम वाया जाणे हा मला या इतिहासातला सर्वांत खेदाचा भाग वाटतो.

काही शिक्षणक्रमांनी याला तोड काढली. शिक्षकाने स्वतःचा एक दीर्घ प्रश्न ठरवायचा आणि दरवर्षीच्या तीन-चार विद्यार्थ्यांनी त्याचा एकेक भाग उचलायचा. परवानगी एकदाच काढायची, मग तिची मुदत वाढवत न्यायची. आधीच्या तुकडीने प्रश्नावली पक्की केली की पुढची तुकडी ती भरून घेते आणि तिसरी निष्कर्षांवर लिहिते. विद्यार्थ्याला संपूर्ण संशोधन करायला मिळत नाही, पण खऱ्या संशोधनाचा एक भाग नीट करायला मिळतो. शिक्षकाचेही काम पुढे सरकते. माझ्या मते एकट्याने कसेबसे उरकलेल्या प्रबंधापेक्षा ही रीत कितीतरी चांगली आहे. आपल्याकडच्या शिक्षकांनी तिचा जरूर विचार करावा.

नियतकालिक, अनुदान आणि वेळ

लिहिले ते छापायचे कुठे, हा प्रश्न बरीच वर्षे होता. व्यावसायिक संघटनेचे नियतकालिक १९८८पासून निघत होते, पण त्याचा भर रुग्णोपचारांवर होता. शिक्षणावरच्या लेखाला तिथे जागा थोडी. म्हणून शिक्षण संघटनेने ‘पर्स्पेक्टिव्ह ऑन फिजिशियन असिस्टंट एज्युकेशन’ हे स्वतःचे नियतकालिक चालवले. २००६मध्ये त्याचे ‘जर्नल ऑफ फिजिशियन असिस्टंट एज्युकेशन’ झाले. त्याचे वर्षाला चार अंक निघतात आणि लेख तज्ज्ञांच्या तपासणीतून जातो. संघटनाही याच सुमारास स्वतःचे नाव बदलून, स्वतःचे कर्मचारी घेऊन मोठ्या बहिणीच्या कार्यालयातून बाहेर पडली. नियतकालिकाचे नवे नाव आणि संघटनेचे स्वतंत्र होणे यांचा काळ जुळला, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

या नियतकालिकात एक विषय पुनःपुन्हा येतो. संघटनेची २२५ प्रश्नांची एक सराव परीक्षा आहे. विद्यार्थी ती शिक्षणाच्या मधल्या टप्प्यावर आणि शेवटाकडे देतात. त्या परीक्षेतले गुण आणि पुढच्या राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेतले गुण यांचा संबंध किती, हे वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी आपापल्या वर्गांवर तपासले. संबंध आहे, असे बहुतेकांना आढळले. बाहेरच्या वाचकाला ही पुनरावृत्ती वाटेल. पण ज्या शिक्षकाला मागे पडणारा विद्यार्थी सहा महिने आधी ओळखायचा आहे, त्याच्यासाठी याहून उपयोगी संशोधन कोणते? शिवाय हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अनेकांचे ते पहिलेच संशोधन होते. आकडे हाताशी, प्रश्न स्पष्ट, वर्ग आपलाच. नवख्याने सुरुवात करायला हा विषय उत्तम होता.

अर्थात आपल्याच विद्यार्थ्यांवर संशोधन करताना एक नैतिक अडचण येते. ज्याच्या हाती गुण आहेत त्यानेच प्रश्नावली पुढे केली तर विद्यार्थी नाही म्हणू शकेल का? विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा अमेरिकेत १९७४पासून आहे आणि एथिक्स कमिट्या या मुद्द्यावर काटेकोर असतात. संमती तिसऱ्या व्यक्तीने घ्यायची, नावे काढून टाकल्यावरच आकडे शिक्षकाच्या हाती द्यायचे, निकाल लागल्याशिवाय विश्लेषणाला हात लावायचा नाही, अशा पद्धती त्यातून रुळल्या.

अनुदानांबद्दल थोडक्यातच सांगतो. संघटना शिक्षकांना छोटी संशोधन अनुदाने देते. त्यांतले एक यूटा विद्यापीठातले शिक्षक डॉन पेडर्सन यांच्या नावाने आहे. राष्ट्रीय प्रमाणन आयोगाबरोबर मिळूनही अनुदाने दिली गेली. निवडक शिक्षकांना अनुभवी संशोधकांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला मिळावे म्हणून अभ्यासवृत्ती आहे. वार्षिक शैक्षणिक संमेलनात निबंध आणि पोस्टर सादर होतात. या सगळ्याचा उपयोग झाला, पण रकमा कधीच मोठ्या नव्हत्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानांशी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

खरी टंचाई पैशांची नव्हती, वेळेची होती. मान्यतेच्या निकषांनुसार किमान तीन मुख्य शिक्षक असले की शिक्षणक्रम चालू शकत असे. तीन माणसांनी व्याख्याने द्यायची, कौशल्ये शिकवायची, परीक्षा काढायच्या, गावोगावच्या पोस्टिंगना भेटी द्यायच्या, प्रवेशाच्या मुलाखती घ्यायच्या, मान्यतेचे अहवाल लिहायचे आणि स्वतःचे वैद्यकीय कौशल्य गंजू नये म्हणून आठवड्यातून एक दिवस दवाखान्यातही जायचे. यानंतर विद्यापीठ बढतीच्या वेळी विचारते, “तुमचे शोधनिबंध किती?” संघटनेने अनुदान दिले, पण त्या शिक्षकाचा आठवड्यातला एक दिवस मोकळा करणे तिच्या हाती नव्हते. ते डीनच्या हाती होते. ज्या विद्यापीठांनी संशोधनासाठी वेळ राखून ठेवला तिथून निबंध आले. जिथे तो राखला गेला नाही तिथे हुशार आणि मेहनती शिक्षकही दोन-तीन वर्षांत पुन्हा दवाखान्यात परतले. या पन्नास वर्षांतून एकच धडा घ्यायचा असेल तर मी हा घेईन.

जेम्स कॉली आणि रॉडरिक हूकर यांच्यासारखे लोक या परिस्थितीतही लिहीत राहिले. त्यांचा ‘फिजिशियन असिस्टंट्स इन अमेरिकन मेडिसिन’ हा ग्रंथ १९९७मध्ये आला आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. व्यवसायाने स्वतःबद्दल स्वतः लिहायला सुरुवात केल्याची ती ठळक खूण आहे. ड्यूकचे रेजिनाल्ड कार्टर यांनी जुनी पत्रे, छायाचित्रे, कागदपत्रे जमवून या व्यवसायाची इतिहास संस्था उभी केली. प्रस्तुत लेखात सुरुवातीच्या काळाचे जे आले आहे ते कालौघात नाहीसे झाले नाही, ते अशा माणसांमुळे.

मार्च २०२०मध्ये या सगळ्या यंत्रणेची कसोटी लागली. करोनामुळे रुग्णालयांनी विद्यार्थ्यांना प्रवेश बंद केला. पोस्टिंग थांबल्या आणि वर्ग पडद्यावर गेले. किती शिक्षणक्रमांच्या पोस्टिंग बंद पडल्या, उत्तीर्ण होण्याची तारीख कोणाकोणाची पुढे गेली, शिक्षकांवर काय बेतले, हे संघटनेने तातडीच्या पाहण्या करून प्रसिद्ध केले. मान्यता देणारे आणि परीक्षा घेणारे, दोघांनाही निर्णयासाठी आकडे हवे होते आणि ते मिळाले. संकट आल्यावर मोजायला सुरुवात केली असती तर ते शक्य झाले नसते. पस्तीस वर्षे प्रश्नावली भरण्याची सवय त्या वेळी कामी आली.

आपल्यासाठी

भारतात हा शिक्षणक्रम पहिल्यांदा १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला. हृदयशस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. के. एम. चेरियन यांनी तो आणला. पुढे देशात इतरत्र तो पसरला. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिशियन असोसिएटला आपल्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेनेही ‘फिजिशियन असिस्टंट’ऐवजी ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले. अमेरिकेत आज असे तीनशेच्या वर शिक्षणक्रम आणि दीड लाखाहून अधिक प्रमाणित व्यावसायिक आहेत. आपण त्यांच्या १९७२च्या जवळपास उभे आहोत असे म्हणायला हरकत नाही. शिक्षणक्रम वाढत आहेत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे आणि सामाईक आकडे नाहीत.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन योजना आहे. एमबीबीएसच्या कित्येक मुलामुलींना संशोधनाची गोडी त्यातून लागली. ती वैद्यक आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सहयोगी शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी तशी दारे उघडली पाहिजेत आणि त्यासाठी मागणी आपणच करायला हवी.

परंतु त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ही स्मरणिका वाचणाऱ्या शिक्षकांना आणि महाविद्यालयांच्या प्रमुखांना कळकळीची विनंती आहे. येत्या जूनपासून आपापल्या शिक्षणक्रमात एक साधी नोंदवही सुरू करा. किती अर्ज आले, किती प्रवेश झाले, मुले-मुली किती, कोणत्या जिल्ह्यांतून आली, गळती किती झाली आणि कशामुळे, उत्तीर्ण झालेले कुठे आणि किती पगारावर लागले, शिक्षक किती आणि किती टिकले. दरवर्षी तेच प्रश्न विचारा, शब्द बदलू नका. शेजारच्या दोन महाविद्यालयांनाही सोबत घ्या. आणि एका तरी शिक्षकाचा आठवड्यातला एक दिवस लेखी आदेशाने संशोधनासाठी मोकळा करा.